वाईटपणा

कॉलेजात तिला ताई म्हणायला आधी कुणी सुरुवात केली, ते आता कुणालाच आठवत नव्हतं. मुली म्हणायच्या ते ठीक, पण जिमखान्याचा शिपाईही ताईच म्हणायचा आणि तो तिच्याहून अकरा वर्षांनी मोठा होता. एकदा भर बैठकीत प्राचार्यांच्या तोंडूनही 'ताई' निसटलं. त्यांनी घसा खाकरला, 'मॅडम' अशी दुरुस्ती केली आणि पुढचा अख्खा विषय तिच्याकडे न बघता संपवला.

ती मुलींच्या व्हॉलीबॉल संघाची सहायक प्रशिक्षक होती. चोविसाव्या वर्षी लागली, आता चव्वेचाळीस पूर्ण. स्वतः खेळायची तेव्हा सेटर होती. सेटरनं चेंडू बोटांवर घेऊन नेटच्या वर अलगद उचलून द्यायचा. मारणारी दुसरीच असते आणि टाळ्याही तिलाच मिळतात. त्यामुळे 'सहायक' या शब्दाचं तिला कधी ओझं वाटलं नाही. निदान पहिली सहा वर्षं तरी नाही.

तिला नेमलं होतं थोरल्या मॅडमनी. त्या तेव्हा मुख्य प्रशिक्षक होत्या आणि निवृत्तीला टेकल्या होत्या. थोडी कळ काढ, ही खुर्ची तुझीच आहे, असं त्या दर हंगामाच्या शेवटी सांगत. सहा वर्षांनी त्या गेल्या आणि खुर्चीवर बाहेरून आलेले सर बसले. सरांच्या नावावर तीन मोठे करंडक होते. ताईच्या नावावर थोरल्या मॅडमचा शब्द होता, आणि शब्द काही काचेच्या कपाटात मांडून ठेवता येत नाही. त्या दुपारी ताई सामानाच्या खोलीत मॅटच्या ढिगावर बसून पोटभर रडली. दुसऱ्या दिवशी सरावाच्या अर्धा तास आधी येऊन तिनं नेहमीसारखं नेट ताणून बांधलं, आणि पुढची चौदा वर्षं बांधत राहिली.

माणूस म्हणून सर वाईट नव्हते. आवाज मोठा, तोंड फटकळ, पण मनात काही ठेवायचे नाहीत. मुलींची नावं विसरायचे. कुणाचा पाय उडी मारताना आधी वळतो, ते मात्र वर्षानुवर्षं लक्षात ठेवायचे. त्यांच्याकडे वशिला चालत नसे. संघ निवडायचा त्यांनी, डाव ठरवायचा त्यांनी, टाइमआउटमध्ये बोलायचं त्यांनी. बाकीचं सगळं ताईचं. बाकीचं म्हणजे चौकटीच्या वहीत प्रत्येक फटक्याची खूण करणं, घोट्यांना पट्ट्या बांधणं, पुढच्या शनिवारी ज्यांच्याशी गाठ आहे त्यांचा सामना आदल्या शनिवारी परक्या हॉलमध्ये एकटीनं बसून बघणं, बसमध्ये जिला मळमळतं तिला खिडकी देणं. आणि मुलींचं ऐकणं.

मुली तिला सगळं सांगत. पट्टी बांधताना मुलीचा पाय ताईच्या मांडीवर असायचा, आणि पायाला आधार मिळाला की जिभेलाही मिळत असावा. कुणाचे आईवडील वेगळे होताहेत, कुणाला खेळच सोडून द्यावासा वाटतोय, कुणी कुणाच्या मागे आहे. सगळ्यात जास्त सांगत त्या दुखण्याचं. सरांना कळू देऊ नका हं ताई, पण गुडघा सकाळी वाकतच नाही. ताई मान हलवायची. मग त्यातलं जे सांगायलाच हवं ते सरांच्या खोलीत जाऊन सांगायची. सर ऐकून घेत, कुठून कळलं ते कधी बाहेर पडू देत नसत, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांदेखत, "तू लंगडतेयस, बाहेर बस," असं म्हणून मोकळे होत. मुलगी रडत यायची ती ताईकडेच. ताई तिच्या पाठीवरून हात फिरवायची. सर म्हणजे नुसता दगड, यावर दरवर्षीच्या संघाचं एकमत असायचं, आणि ताईनं ते कधी खोडून काढलं नाही.

ती राहायची दोन खोल्यांच्या घरात, खाली शिंप्याचं दुकान. दोन वर्षांपूर्वीपर्यंत बाबा होते. बाबांना खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी ती दारात आली की विचारायचे, जिंकलीस का. नाही म्हटलं तर विचारायचे, मग कोण जिंकलं. बक्षीस चांगल्या घरी पडलं ना, एवढीच जणू त्यांना काळजी. बाबा गेल्यावर उरला दादाचा रविवारचा फोन. दादा दूरच्या शहरात होता. तो आधी तिची तब्येत विचारायचा, मग घरातला गळका नळ दुरुस्त केलास का ते, आणि मग 'तुझं ते बॉलचं काय चाललंय'. तिनं उत्तर द्यायला सुरुवात केली की त्याच्याकडे हटकून कुणीतरी दारात यायचं.

लग्नाचं म्हणाल तर एकदा जमत आलं होतं. कॉलेजच्या ग्रंथपालानं दोन वर्षं तिला दर शनिवारी चहाला विचारलं. शनिवारी सामने असत. तिसऱ्या वर्षी त्यानं शनिवार मोकळा असलेल्या बाईशी लग्न केलं. अजूनही जिन्यात भेटला की तो विचारायचा, या शनिवारी कुणाशी आहे, आणि ती सांगायची.

मला काय कमी, दरवर्षी बारा धाकट्या बहिणी मिळतात, असं ती दादाला म्हणायची. त्या बहिणी तीन वर्षांत निघून जातात आणि पहिल्या वर्षी दहा पत्रं, दुसऱ्या वर्षी दोन, तिसऱ्या वर्षी लग्नाचं आमंत्रण असा हिशेब असतो, ते ती म्हणायची नाही.

हंगाम अर्ध्यावर आला असताना एका सकाळी सर आपल्या खोलीत बुटाची नाडी बांधायला वाकले ते वर उठलेच नाहीत. शिपायानं आणि ताईनं मिळून त्यांना गाडीत घातलं. हृदयाची शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला, पण तीन महिने अंथरूण आणि त्यानंतरचं पुढे बघू, असं डॉक्टरांनी सांगितलं. प्राचार्यांनी ताईला बोलावलं. नऊ आठवडे उरलेत, तुम्ही सांभाळा, म्हणाले. तिनं मदतीला कुणी मिळेल का विचारलं तेव्हा त्यांनी हात पसरले. नऊ आठवड्यांसाठी माणूस कुठून आणायचा? शेवटी घोटा मुरगळून बसलेल्या एका राखीव मुलीच्या हातात चौकटीची वही गेली आणि वीस वर्षांत पहिल्यांदा ताईचे हात रिकामे झाले.

पहिल्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत मुलींनी टाळ्या वाजवल्या. कर्णधार म्हणाली, आता ताईंचं राज्य. तिसऱ्या दिवशी ताईनं शनिवारच्या सामन्याचा संघ वाचला. आजवर सर वाचत तेव्हा ती मुलींच्या मागे उभी राहायची. तिला दिसायच्या त्या पाठी आणि वेण्या. आता समोरून चेहरे दिसले. सहा नावं वाचायला किती वेळ लागतो? तेवढ्यात सहा चेहरे उजळले आणि उरलेले सहा मिटले. संध्याकाळी पट्ट्या बांधायला ती बाकावर जाऊन बसली तर दोघीच आल्या. बाकीच्यांनी आपापल्या बांधून घेतल्या होत्या. वाकड्याच, पण बांधल्या होत्या.

त्यानंतर कुणी न सांगता 'मॅडम' सुरू झालं. पहिल्या आठवड्यात काहीजणी ताई म्हणत, काही मॅडम, आणि काहीजणी दोन्ही गिळून नुसतं 'अं' करत. दुसऱ्या आठवड्यात सगळ्यांचं मॅडम झालं. ती खोलीत शिरली की आतलं बोलणं नळ बंद केल्यासारखं थांबायचं. तिनं एकदा बिस्किटांचा मोठा पुडा नेला. बिस्किटं संपली, गप्पा काही सुरू झाल्या नाहीत. बाहेरगावच्या पहिल्या सामन्याला निघताना ती सवयीनं बसच्या शेवटच्या बाकावर जाऊन बसली. मागचा कलकलाट एकदम बसला. मुली खिडकीबाहेर बघायला लागल्या, एकीनं पुस्तक काढलं, आणि ते उलटं होतं. दोन थांबे गेल्यावर ताई उठली आणि सरांच्या जागेवर, ड्रायव्हरच्या मागे, येऊन बसली. ती जागा मुलींनी तिच्यासाठी रिकामीच ठेवली होती. पाच मिनिटांत मागे हशा सुरू झाला.

संघ मात्र चांगला खेळत होता. सहापैकी पाच सामने जिंकले. प्राचार्य स्वतः खाली आले, ग्रंथपाल जिन्यात थांबून हात जोडून गेला. पाचव्या विजयानंतर ती घरी आली, चप्पल काढली, आणि तिच्या तोंडून मोठ्यानं निघून गेलं, "जिंकलो." खाली शिंप्याचं मशीन चालू होतं. तिनं भांड्यात पाणी घेतलं, चहाचं आधण ठेवलं, आणि एकाच कपाचं ठेवलंय याकडे त्या दिवशी उगाचच तिचं लक्ष गेलं.

या संघात एक उंच मुलगी होती. तिला सगळे शिडी म्हणत. पहिल्या वर्षाला आली तेव्हा आपल्या हातापायांचं काय करायचं ते तिला ठाऊक नव्हतं. सर तिला घ्यायलाही तयार नव्हते. ताईनं एक वर्ष तिला भिंतीवर चेंडू मारायला लावला. आता ती शेवटच्या वर्षाला होती आणि संघाचे निम्मे गुण तिच्या उजव्या हातातून येत. तिची आई इस्त्रीचं दुकान चालवायची. बाप नव्हता. ताईचे बाबा आजारी होते त्या हिवाळ्यात शिडी सरावानंतर घरी येऊन त्यांच्या उशाशी बसायची, त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायची. संघात लाडकं कुणी असू नये हे ताईला कळत होतं. पण कळतं ते सगळं वळतंच असं नाही.

अंतिम सामना बघायला एका मोठ्या वाहतूक खात्याची निवड समिती येणार होती. हे खातं दरवर्षी कॉलेजांतून दोन मुली आपल्या संघात घ्यायचं, आणि संघाबरोबर कायमची नोकरी. या वर्षी त्यातली एक शिडी, असं सगळेच धरून चालले होते. तिच्या आईनं दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांना सांगूनही टाकलं होतं.

उपांत्य सामना त्यांनी जिंकला. दुसऱ्या दिवशी ताई राखीव मुलीनं भरलेली वही बघत बसली होती. खुणा वेड्यावाकड्या होत्या, तरी एक गोष्ट तिच्या डोळ्यांत खुपली. गेल्या तीन सामन्यांत शिडीचे सगळे फटके सरळ रेषेत गेले होते, तिरका एकही नाही. तिरका मारायचा तर खांदा पूर्ण फिरवावा लागतो. मग तिला आठवलं की शिडी हल्ली पाण्याची बाटली डाव्या हातानं उचलते.

तिनं शिडीला सामानाच्या खोलीत बोलावलं. खांद्याचं विचारलं तर शिडी म्हणाली, काही नाही मॅडम. ताईनं तिच्या हातात तिची पिशवी दिली आणि वरच्या खुंटीला लाव म्हणाली. शिडीनं डावा हात पुढे केला. ताई म्हणाली, उजव्यानं. शिडीचा हात कानापर्यंत गेला, तिथं थांबला, आणि तिच्या ओठांवरचा रंग गेला. पिशवी खाली पडली. दोघींपैकी कुणीच ती उचलली नाही.

आठ आठवडे दुखत होतं. म्हणजे ताई खुर्चीवर बसली त्याच आठवड्यापासून.

डॉक्टरांनी बघितलं. खांद्यात चीर पडायला सुरुवात झाली होती. दोन-तीन महिने विश्रांती दिली तर भरून येईल. अंतिम सामना पाच सेट खेळली तर पुढे हा हात खेळण्याचा राहील की नाही याची खात्री देता येणार नाही. बाहेर आल्यावर शिडी म्हणाली की डॉक्टरांनी खात्री नाही म्हटलंय, नको म्हटलेलं नाही. तिनं ते तीन वेळा सांगितलं. बसथांब्यावर निरोप घेताना ती ताईच्या पाया पडायचीच काय ती बाकी राहिली.

सामन्याला तीन दिवस होते. ताई दुसऱ्या दिवशी दुपारी सरांच्या घरी गेली. आपण सल्ला विचारायला चाललोय असं तिनं स्वतःला सांगितलं होतं. खरं तर तिला हवं होतं की सरांनी कागदावर दोन ओळी लिहून द्याव्यात आणि तिनं त्या वाचून दाखवाव्यात.

दार वहिनींनी, सरांच्या पत्नीनं उघडलं. सर खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. आठ आठवड्यांत माणूस निम्मा झाला होता; आवाजही. तिनं सगळं सांगितलं. सरांनी मधे एकदाही तोडलं नाही. मग ते म्हणाले की मी रजेवरचा माणूस आहे, निर्णय बाकावर बसणाऱ्याचा. तिनं पुन्हा विचारलं तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. काही वेळानं त्यांनी वेगळंच काढलं.

"मुली मला दगड म्हणायच्या ना?"

ताई गोंधळली. तसं काही नाही, असं काहीतरी पुटपुटली.

"शिपाई सांगायचा मला सगळं. त्याचं काही नाही. पण एक सांगू? मला तुझा हेवा वाटायचा. चौदा वर्षांत एका मुलीनं मला घरचं दोन शब्द सांगितले नाहीत. दौऱ्यावर तुमच्या टेबलावर हसणं चालायचं आणि मी कोपऱ्यात पेपर वाचत बसायचो. संपला की पुन्हा पहिल्या पानापासून."

"मग येऊन बसला का नाहीत कधी?"

"दुसऱ्या दिवशी त्यातल्याच निम्म्यांना बाहेर बसवायचं असायचं," सर म्हणाले. "कुणीतरी वाईटपणा घ्यावा लागतो. आपल्या दोघांत तो मी घेत होतो, एवढंच. तू सांगायचीस, मी बसवायचो. तुला ते कधी तसं दिसलं नसेल."

दिसलं नव्हतं. चौदा वर्षं बंदूक तिची होती, खांदा सरांचा होता, आणि रडणाऱ्या मुलीच्या पाठीवरून फिरणारा हातही पुन्हा तिचाच. मुलींचं आपल्यावर प्रेम आहे याचा तिला मनातून केवढा अभिमान होता. घरी एकटी असताना तेवढ्यावर तिचे कितीतरी रविवार निघाले होते. त्या प्रेमातला अर्धा भाग या खुर्चीतल्या माणसाच्या वाट्याचा कापून तिला मिळत होता, आणि त्यानं कधी तसं बोलूनही दाखवलं नव्हतं.

चहा झाला. निघताना वहिनी दारापर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, येत जा अधूनमधून, यांच्याकडे कुणी येत नाही. चौदा वर्षांत साठ-सत्तर मुली सरांच्या हाताखालून गेल्या असतील. भेटायला दोघी आल्या होत्या.

अंतिम सामन्याच्या दिवशी संघ वाचायच्या आधी ताईनं शिडीला एकटीला बाजूला घेतलं. सगळ्यांसमोर ऐकायला लावायचं नाही, एवढं तरी आपल्या हातात आहे असं तिला वाटलं. शिडी पूर्ण पोशाखात होती, गुडघ्यांवर पट्टे चढवलेले, केस घट्ट बांधलेले. ते तिनं डाव्या हातानं बांधले होते म्हणून एका बाजूला गेले होते. ताईनं सांगितलं की आज तू खेळणार नाहीस.

शिडीनं गुडघ्यावरचा एक पट्टा खाली ओढला. मग म्हणाली, "तुम्ही नुसत्या ताई असतात तर असं केलं नसतं."

"मी नुसती ताई असते तर आठ आठवड्यांपूर्वीच तू मला सांगितलं असतंस."

"सांगितलं असतं. तुम्ही कुणाला बोलल्या नसता."

इथं ताईला गप्प बसता आलं असतं. मुलगी रागावली होती, पण तिच्या मनातली जुनी ताई अजून धड होती. ती तशी राहू देता आली असती.

"बोलले असते," ताई म्हणाली. "सरांना जाऊन सांगितलं असतं. नेहमी सांगायचे. गेल्या वर्षी तुझ्या गुडघ्याचं सरांना कळलं ते माझ्याकडूनच. बाहेर त्यांनी बसवलं आणि तू माझ्याकडे येऊन रडलीस."

शिडीनं तिच्याकडे बघितलं. पहिल्यांदाच बघत असल्यासारखं, आणि दिसलं ते फारसं न आवडल्यासारखं. मग ती वळली आणि जाऊन राखीव मुलींच्या बाकाच्या टोकाला बसली.

सामना पाच सेटपर्यंत गेला. शिडीशिवाय संघ इतका टिकेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. कर्णधारानं जीव तोडून खेळ केला, घोटा बरा झालेली राखीव मुलगी तिसऱ्या सेटमध्ये आत गेली आणि तिनं सलग चार सर्व्हिस घातल्या. ताई बाकावर बसून होती, वही नाही, पेन नाही, दोन्ही तळवे गुडघ्यांवर. दुसरा सेट संपता संपता निवड समितीचे तिघेजण उठून गेले. त्यांना जे बघायचं होतं ते नेटच्या पलीकडे सापडलं होतं. ते निघाले तेव्हा ताईनं मुद्दाम मान वळवली नाही, पण बाकाच्या टोकाला कुणीतरी श्वास रोखून धरलाय हे तिला न बघता कळलं. पाचवा सेट पंधरा-बारानं गेला.

पंचांशी हात मिळवून ती परत आली तेव्हा कर्णधार टॉवेलमध्ये तोंड खुपसून कुणाला तरी सांगत होती की शिडी असती तर जिंकलो असतो. ते खरंच होतं. कुणी रडत तिच्याकडे आलं नाही. मुली एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या, बाराजणींचा एक गठ्ठा झाला होता, आणि तिच्या हातात करण्यासारखं काम उरलं ते नेट सोडायचं. ते त्या हॉलच्या माणसांनी आधीच सोडलं होतं.

बसमध्ये ती ड्रायव्हरच्या मागे बसली. ड्रायव्हरनं आरशातून बघून विचारलं, काय झालं. हरलो, म्हणाली. तो म्हणाला, असू द्या, पुढच्या वेळी. तेवढं बोलणं तिला पुढचे दोन तास पुरलं.

त्यानंतर परीक्षा आल्या. शिडी सरावाला यायचा प्रश्नच नव्हता. खेळाडूच्या दाखल्यावर ताईची सही लागायची, तो कागद शिडीनं दुसऱ्या मुलीबरोबर पाठवला. ताईनं सही केली, आणि कागदाला डॉक्टरांनी सांगितलेल्या व्यायामांची चिठ्ठी टाचणीनं लावली. कागद गेला. चिठ्ठीचं काय झालं ते तिला कळलं नाही, आणि आणणाऱ्या मुलीला विचारावं असं तिला वाटलं नाही. दादाला रविवारी तिनं सगळं सांगायला सुरुवात केली. त्या दिवशी नवल म्हणजे त्याच्या दारात कुणी आलं नाही. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाला, तू बरोबरच केलंस. तिनं फोन ठेवला. बरोबर केलंय हे तिला माहीतच होतं. त्यानं काही हलकं वाटत नव्हतं.

सुट्टीत सरांनी राजीनामा दिला. डॉक्टरांनी मैदान वर्ज्य केलं होतं. प्राचार्यांनी ताईला बोलावून पत्र हातात ठेवलं, मुख्य प्रशिक्षक, या वेळी नऊ आठवडे वगैरे काही नाही. वीस वर्षं जिची वाट बघितली ती गोष्ट एवढ्याशा पाकिटात मावते याचं तिला हसू आलं. तिला नाही म्हणता आलं असतं. दोन दिवस तिनं त्याचा विचारही केला. पुन्हा मागच्या बाकावर, पुन्हा मांडीवर कुणाचा तरी पाय. पण आता तिथं बसून तिला जुन्यासारखं मान हलवता आली नसती. तिनं होकार कळवला. शिपायानं सरांच्या खोलीतलं टेबल पुसलं आणि म्हणाला, बसा ताई. एवढा एकच माणूस बदलायला तयार नव्हता.

बुधवारी ती सरांकडे जायला लागली. बोलणं फारसं होत नसे. सर नव्या संघाचं विचारत, नावं विसरत, ती पुन्हा सांगायची. वहिनी तिघांचा चहा करायच्या. कधी कधी तासभर बसून ती उठायची तेव्हा दोघांत मिळून वीस वाक्यं झालेली असत, आणि तरी जिना उतरताना तिला बरं वाटलेलं असे.

नवा हंगाम सुरू झाला. मदतीला संघातूनच चार वर्षांपूर्वी बाहेर पडलेली एक मुलगी मिळाली, बोलकी, हसरी. मुली तिच्याभोवती गोळा होत. पहिल्याच महिन्यात ती दार लोटून आत आली, आवाज खाली करून एकीच्या पाठीचं सांगितलं, आणि माझं नाव येऊ देऊ नका हं, म्हणाली. ताईनं तिला खुर्ची दिली. नाव येणार नाही, म्हणाली, पण त्या मुलीला बाहेर बसवताना तू माझ्या शेजारी उभं राहायचंस. हसरी मुलगी जरा कावरीबावरी झाली. मग हो म्हणाली. दुसऱ्या दिवशी उभीही राहिली, जमिनीकडे बघत.

त्याच सुमारास एका सकाळी ताईच्या टेबलावरचा फोन वाजला. पलीकडे शिडीची आई होती. मागे इस्त्रीच्या वाफेचा फस्स आवाज येत होता. तिनं आधी आपली ओळख सांगितली, जशी काही सांगायची गरज होती. मग सांगितलं की मुलगी पाणीपुरवठा खात्यात लागली. त्यांचा संघ लहान, वाहतूक खात्याइतकं नाव नाही, नोकरी सध्या वर्षभराची; पण चाचणीत पहिली आली आणि काल पहिला सामना पूर्ण खेळली. तिनं कळवायला सांगितलं असं काही नाही, आई प्रामाणिकपणे म्हणाली, मलाच वाटलं तुम्हाला कळावं.

ताईला बरंच काही विचारायचं होतं. तिनं एवढंच विचारलं, "तिरके फटके मारले का तिनं?"

आईला त्यातलं काही कळलं नाही. खूप मारले, म्हणाली, हात अगदी असा वर नेऊन.

"खांदा दुखत नाही ना आता?"

पलीकडे थोडा वेळ नुसती इस्त्री फिरत राहिली.

"मला कुठे काय सांगते ती," आई म्हणाली. "पहिल्यापासूनच नाही. तुम्हालाच सांगायची."

ताईनं फोन दुसऱ्या कानाला लावला. बाहेर मुलींनी धावायला सुरुवात केली होती. बुटांचा आवाज हॉलच्या भिंतीभिंतीनं फिरत होता. विचारत राहा, ती शिडीच्या आईला म्हणाली, नाही म्हणाली तरी विचारत राहा, आणि बाटली कुठल्या हातानं उचलते तेवढं बघत जा.